पृष्ठ दोनशे अकरा ते एकशे सतरा

मी एक शोधनिबंध बोलतोय. लगेच पेन उघडू नका. माझं नाव, साल आणि पान तेवढं उतरवून घ्यायला तुम्ही आला आहात, असा मला संशय आहे. आजवर सगळ्यांनी तेच केलंय, आणि तेही माझ्यापर्यंत न येता.

माझा जन्म भिवंडीतलाच. एक कानाचे डॉक्टर आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, असे दोघं आवाज मोजायचं यंत्र घेऊन धामणकर नाक्याजवळच्या, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांत फिरले. तिथे माणसं खुणांनी बोलतात, इतका खटखटाट. त्यांनी कामगारांचे कान तपासले, आकडे मांडले आणि मला लिहिलं. कामगारांना हळूहळू कमी ऐकू येऊ लागतं, हे मी स्पष्ट सांगितलं. शेवटी बाईंनी हट्टाने आणखी दोन वाक्यं घातली: 'कारखान्यालगतच्या घरांतील लहान मुलांची तपासणी आम्ही केलेली नाही. त्यामुळे त्यांच्यावर परिणाम आढळला किंवा नाही, हे सांगता येणार नाही.'

एका नियतकालिकात छापून मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आलो आणि मागच्या कपाटात गेलो.

पुढे कुणीतरी त्या वाक्यांतलं सोयीचं तेवढं उचललं. 'मुलांवर परिणाम आढळला नाही' असं आपल्या लेखात लिहून संदर्भ म्हणून माझं नाव दिलं. दुसऱ्याने ते पहिल्याकडून घेतलं, तिसऱ्याने दुसऱ्याकडून. माझं नाव पसरत गेलं, कपाट बंदच राहिलं. आधी मला बरं वाटायचं. मग शंका यायला लागली, की ही माणसं ज्याला मानतात तो मी नव्हेच. कधीकधी उलटंही वाटायचं. आपणच तसं म्हटलं असेल. इतकी शिकलेली माणसं एकमुखाने सांगतात, आणि मला काही स्वतःला उघडून वाचता येत नाही.

अशात एका दुपारी कपाटाचं दार करकरलं.

"हे कपाट कोन उघडत न्हाय, मॅडम," ग्रंथालयातला सावळाराम म्हणत होता. "पुस्तकं पन घाबरली असतील."

मॅडम म्हणजे मनाली. याच कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवणारी, कडेवर आठ महिन्यांची लेक, सई. तिने आणि तिच्या विभागप्रमुखांनी, केळुसकर सरांनी, भिवंडीतल्या घरांमधल्या आवाजावर एक लेख लिहिला होता. एका नियतकालिकाने तो परत पाठवला होता: संदर्भ आमच्या पद्धतीने मांडा. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, नियतकालिकाचं नाव संक्षिप्त, मग साल, खंड, पानं. सरांनी ते मनालीवर सोपवलं. रांगोळीचं काम आहे, एका बैठकीत होईल, असं म्हणाले. रांगोळीही एका बैठकीत होत नाही, विशेषतः घरात रांगणारं मूल असेल तर, हे सरांना कोण सांगणार.

बाकीचे संदर्भ जागेवर बसले. सतराव्यावर गाडी अडली. सतरावा म्हणजे मी.

"पान दोनशे अकरा ते एकशे सतरा," ती सावळारामला म्हणाली. "पुस्तक उलटं कसं चालेल हो, भाऊ?"

आधी तिने स्वतःवरच संशय घेतला होता. बाळंतपणानंतर तिची विसराळूपणाची भीती वाढली होती; गॅस बंद केलाय का म्हणून ती जिन्यातून परत जायची. पण तिने दुसऱ्यांचे लेख काढून पाहिले, तर सगळीकडे तीच उलटी पानं. कुणा एकाचं बोट चुकलं होतं आणि बाकीच्यांनी चूकही इमानाने उतरवली होती. म्हणजे त्या पहिल्यानंतर मला कुणीच उघडलेलं नव्हतं.

तिने मला उघडलं. मी एकशे अकराव्या पानावर सुरू होतो. सईला मांडीवर घेऊन ती शेवटापर्यंत वाचत गेली. शेवटची वाक्यं तिने दोनदा वाचली. मग माझ्याकडे नाही, सईकडे पाहत राहिली.

का, ते मला नंतर कळलं. ती माझी झेरॉक्स घेऊन घरी गेली, आणि झेरॉक्स म्हणजे मीच की. तिच्या घराखालीच लूमचा कारखाना. दार आपटलं तरी सई दचकायची नाही. मनाली पाठीमागून टाळ्या वाजवून बघायची, आणि आपल्याला वेड लागलंय का म्हणून थांबायची. घरातले म्हणायचे, एवढा अभ्यास करतेस, काही होत नाही असं तुमच्याच लेखात लिहिलंय ना? लिहिलं होतं. तिनेच टाइप केलं होतं, माझ्या नावावर. त्याच भरवशावर तिने सईचे कान तपासायचं लांबणीवर टाकलं होतं.

तिच्या सासूबाई, कमळाबाई, ऐकायला तयार नव्हत्या. "आमची चार पोरं याच खटखटीत मोठी झाली. कोन भैरा झाला, सांग."

"आई, मग टीव्ही एवढा मोठा का लावता?"

"तो यांच्यासाठी लावते. यांना कुठं धड आयकू येतं?"

बोलून झाल्यावर कमळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सईच्या आजोबांनी उभी हयात खालच्याच लूमवर काढली होती. मग त्या म्हणाल्या, "उद्याच ने पोरीला डाक्टरकडं. मी पन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरकडे जाण्याआधी, मनाली मला घेऊन केळुसकर सरांकडे गेली आणि शेवटची वाक्यं दाखवली. सरांनी मला लांबूनच पाहिलं.

"मग काढून टाक हा संदर्भ," ते म्हणाले. "दुसरा कुठलातरी लाव. वाक्य राहू दे."

माझी पानं थरथरली. पंखा चालू होता, पण त्याने नाही.

"संदर्भ राहील, सर. वाक्य जाईल."

सरांनी समजावलं. वाक्य बदललं तर निष्कर्ष बदलेल, लेख पुन्हा परीक्षकांकडे जाईल, कदाचित नाकारला जाईल, तिची बढती अडकेल. "आणि पहिलं नाव तुझं आहे, मनाली."

"म्हणूनच," ती म्हणाली. 

आता लेखात असं आहे: 'लहान मुलांवरील परिणाम अद्याप तपासलेला नाही.' पुढे माझा क्रमांक. पानं सुलट, एकशे अकरा ते एकशे सतरा. नियतकालिकाचं उत्तर अजून आलेलं नाही. सईचा डावा कान चांगला आहे. उजव्याची डॉक्टरांना खात्री नाही; पुन्हा तपासू, तोवर खटखटाटापासून लांब ठेवा, म्हणाले. मायलेकी सध्या जवळच कशेळीला, मनालीच्या माहेरी आहेत. तिथे ट्रकांचे हॉर्न आहेत, म्हणजे मनालीला काळजीला नवं कारण मिळालंय.

मी आता पुढच्या फळीवर असतो. बाकी तसाच आहे, पिवळा आणि संशयी. एवढंच मागणं आहे: माझं नाव घ्यायचं असेल तर आधी मला उघडा. मी सात पानांचाच आहे.

परवा मनाली आली होती. सईला टेबलावर बसवून ती तिच्या मागे उभी राहिली आणि तिच्या डाव्या कानापाशी तिने माझी पानं फडफडवली. सई लगेच वळली. मला कुणी वाचतं एवढ्यावरच मी खूश होतो. मला ऐकलं मात्र आजवर कुणी नव्हतं.

मग उजव्या कानापाशी फडफडवली. जरा वेळ गेला. मग सई वळली.

"वळली ना? भाऊ, वळली ना?" मनालीने विचारलं.

"वळली की," सावळाराम म्हणाला.

मला विचाराल, तर उजवीकडच्या खिडकीत त्याच वेळी एक कबुतर येऊन बसलं होतं. ती माझ्यासाठी वळली असेल, अशी माझी फार इच्छा आहे. पण जे तपासलेलं नाही, ते मी सांगत नाही.