जग फिरता फिरता सात रस्त्याला

आठ महिने जग पालथं घालून उत्कर्षा इतकी थकली होती, की समोर समुद्र दिसला तरी तिला जांभई यायची. रोज नवा बिछाना, रोज नवं पाणी, आणि रोज सकाळी उठून काहीतरी बघायला जायचं. बघायचं तरी किती माणसानं? शेवटी कुठल्याशा परक्या देवळाच्या पायरीवर बसून तिनं ठरवलं, की आता आठ-पंधरा दिवस अशा गावात जाऊन पडायचं, जिथं बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही. आणि ती सोलापूरला आली. सोलापूरकरांनी उगाच चिडू नये. तिचा जन्मच इथला, तिला बोलायचा हक्क आहे.

आता तुम्ही म्हणाल, गाव आपलं, घर आपलं, मग बाई घरी का गेली नाही? अहो, घरी गेली असती तर सुटली असती का? नोकरी सोडून एकटी पोरगी हिंडतीय म्हणून तिची आई वैजयंतीबाई रोज तिच्या नावानं खडे फोडत होत्या. स्थळं तर रांगेत उभी. एकदा उंबऱ्याच्या आत पाय पडला, की पुढचं विमानाचं तिकीट चुलीत आणि उरलेलं अर्धं जग राहूनच जाणार, ही भीती तिला होती. म्हणून कुणाला न कळवता, तोंडाला स्टोल गुंडाळून, तिनं सात रस्ता चौकाजवळच्या एका लॉजवर खोली घेतली. मालक चन्नप्पानं ओळखपत्र मागितलं, तिनं पासपोर्ट पुढं केला. चन्नप्पा त्यातले शिक्के बघण्यात असा रंगला, की शेवटच्या पानावरचा सोलापूरचा पत्ता त्यानं बघितलाच नाही.

मग काय झोपली म्हणता! दुपारी उठायची, खाली जाऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी हाणायची, वर येऊन पुन्हा आडवी. आईचा फोन आला की घाम पुसत पुसत "हितं लई थंडी हाय गं" म्हणून ठोकून द्यायची.

एके दुपारी ती पाण्याची बाटली भरायला बाहेर आली, तर शेजारच्या खोलीतून बनियन-लुंगीवर, डोळे चोळत, खुद्द तिचे वडील बाहेर पडले. भुताला भूत भेटावं तसे दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"आप्पा, तुमी हितं?"

"मी मंगळवेढ्याला हाय," अभिमन्यूराव म्हणाले. मग जरा जागे झाले. "आणि तू थंडीत हायस न्हवं?"

भानगड साधीच होती. आठवड्यातून एकदा मंगळवेढ्याच्या शेतातली ज्वारी बघायला म्हणून ते घरातून निघायचे आणि इथं येऊन झोपायचे. शेत वाट्यानं दिलेलं, ज्वारीला त्यांची काडीची गरज नव्हती. घरी मात्र जरा डोळा लागला, की वैजयंतीबाई दळण आणायला उठवायच्या.

"आप्पा, आईला सांगू नका. कळलं तर ती मला परत जाऊ देणार न्हाय."

"मी कुठल्या तोंडानं सांगू गं?"

एवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि वैजयंतीबाईच वर आल्या. चन्नप्पाची बायको त्यांच्या भिशीतली. नवरा कुठं लोळतो हे बाईंना कधीचं ठाऊक, बोलल्या नव्हत्या इतकंच.

"चला, उठा! सांगोल्याची मंडळी न कळवता आलीत, उत्कर्षाच्या स्थळासाठी. डाळिंबाची बाग हाय, पोरगा एकुलता एक, पण..." तेवढ्यात त्यांना लेक दिसली.

उत्कर्षा खोलीच्या दाराकडं सरकली. आता ही अशीच हाताला धरून नेणार, तोंड धुवायला लावणार आणि पोह्यांच्या बश्या हातात देणार.

आईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती हडकलीस, भवाने! हितं काय करतीस?"

"दमले हुते, आई. नुसती झोपायला आले. घरी आले असते तर तू परत जाऊ दिलं नसतंस."

वैजयंतीबाई तडक लेकीच्या खोलीत शिरल्या, पंखा मोठा केला आणि पलंगावर टेकल्या.

"त्या मंडळींना सांगितलं, आमची पोरगी जग फिरती. तर पोराची आई म्हणती कशी, लग्नानंतर हे असलं चालायचं न्हाय. अगं, तुला बोलायची तर मी बोलंन! ही कोण लागून गेली?"

"मग तू काय म्हणालीस?"

"चहा टाकते म्हटलं, आणि मागच्या दारानं निघाले."

अभिमन्यूराव हबकले. "म्हंजे मंडळी घरात एकटीच बसलीत?"

"म्हणून तर तुमाला उठवाय आले. जावा, चहा करा, पोहे करा. पोरगी परदेशात हाय, वरीसभर येत न्हाय म्हणून सांगा."

"मला पोहे कुटं येत्यात?"

"मग नुसते भिजवून द्या. तेवढ्याच लायकीची हायती ती."

ते बिचारे सदऱ्याची बटणं लावत जिना उतरले. वैजयंतीबाईंनी पाय वर घेतले.

"तिकीट कधीचं हाय?"

"पुढच्या आठवड्यातलं."

"मग झोप की. सरक तिकडं."

आणि बाई लगेच घोरायला लागल्या, अशा की पंख्याची घरघर ऐकू येईना. उत्कर्षाची झोप पार उडाली. ती कुशीवर वळून आईकडं बघत राहिली, आणि तिला एकाएकी रडूच फुटलं. आईला दुपारी झोपलेलं तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं.