खोबऱ्याच्या श्रावणाचं उद्यापन

ताटलीत: दहीभात. जसाच्या तसा.

खोबऱ्यानं एकदा वास घेतला, तोंड फिरवलं आणि चपलांच्या कपाटाशी जाऊन पडला. म्हातारा झाल्यापासून तो बसत नाही, पडतो. आधी मागचे पाय, मग थोडा विचार, मग उरलेलं सगळं.

"काय झाला रे तुका?" जानकी त्याच्याशेजारी फरशीवर टेकली. तिचेही गुडघे कुरकुरले. "दोन घास खा मरे. माझ्या झिला."

लाडक्या लेकानं डोळे मिटले.

विक्रोळीतल्या कन्नमवार नगरात, नव्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर त्यांचं घर. श्रावण लागून आठवडा झाला होता, आणि या घरात श्रावण लागला की अंडं, मासळी, कांदा, लसूण सगळं बंद. जानकीला बंद, नवऱ्याला, मुलाला, सुनेला बंद. आणि कुत्र्याला बंद.

कुत्र्याला का, हे विचारायचं धाडस सुनेनं, अक्षतानं, लग्नाच्या पहिल्या वर्षी केलं होतं. "तो घरातलो नाय?" एवढं उत्तर मिळालं, आणि ते पुरेसं होतं.

ताटलीत: दूध. पण तेव्हा ताटली कुठली, कापसाचा बोळा होता.

मागं जायला हवं. टॉवरच्या जागी जुनी बिल्डिंग होती तेव्हाचं. जिन्याखाली चार पिल्लं, आई टेम्पोखाली गेलेली. सकाळपर्यंत एकच उरलं. पाठ तपकिरी, पोट पांढरंफेक, फुटलेल्या नारळाचं शकलच जणू. जानकीनं ते पदरात गुंडाळून वर आणलं आणि मायेनं गाईचं दूध पाजलं. पिल्लाला जुलाब लागले, त्यानं घरभर नकाशे काढले. मग डॉक्टरकडून पिल्लांच्या दुधाची पावडर आली. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीला, दर थोड्या वेळानं थोडं थोडं दूध, आणि पाजून झालं की ओल्या कापसानं पोट चोळायचं. नाहीतर एवढ्याशा जिवाला शीसुद्धा करता येत नाही.

तो श्रावणातला पहिला सोमवार होता. जानकीनं हातात पाणी घेऊन संकल्प सोडला तेव्हा पिल्लू मांडीवर झोपलं होतं. त्यातलं थोडं पाणी त्याच्या डोक्यावर पडलं. ते शिंकलं.

"घेतलान बघा व्रत!" जानकी नवऱ्याला म्हणाली.

पहिला श्रावण त्यानं असा पाळला. तोंडात दात नव्हता, मोडणार कशानं?

ताटलीत: बांगड्याचं डोकं. भात. चाटून लख्ख ताटली. पुन्हा बांगड्याचं डोकं.

तरणेपणी त्यानं काय खाल्लं हे सांगण्यापेक्षा काय सोडलं ते सांगणं सोपं: कारलं. डोकी जानकी इतकी शिजवायची की काटा बोटानं चुरडावा. मीठ-तिखट घालायच्या आधी त्याचा वाटा बाजूला निघायचा, मग घरच्यांचं कालवण. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात मुलाचा, नितेशचा, एक मोजा, गणपतीचे मोदक, कॅरमची सोंगटी. (सोंगटी परत मिळाली. तिनं कोणी खेळलं नाही.)

आणि श्रावणात? दहीभात. मुकाट. भजनाच्या बायकांना जानकी दरवर्षी सांगायची, "आमचो खोबरो श्रावण पाळता." एकदा खाली कोणीतरी चिकनचं हाड टाकलं, त्यानं हुंगलं आणि सोडून आला. नितेश म्हणाला, "आई, तो आधीच तुझा डबाभर पुलाव खाऊन गेला होता." जानकीनं ऐकून घेतलं नाही. भक्तीत असे लोक येतातच मध्ये.

ताटलीत: अक्षतानं आणलेले म्हाताऱ्या कुत्र्यांचे दाणे, पाण्यात भिजवून. त्यातले काही नंतर जानकीच्या नवऱ्याच्या, चंद्रप्रकाशच्या, चपलेत सापडले.

"काकू, रक्त ठीक आहे," डॉक्टर गार्गी म्हणाली. तिनं खोबऱ्याचा ओठ वर करून दाखवला. मागच्या बाजूला दाढांच्या जागा मोकळ्या. "दात गेलेत आणि नाक मंदावलंय. ह्यांचं जेवण नाकातून सुरू होतं. दहीभाताचा वासच त्याच्यापर्यंत पोचत नाही. वास मारेल असं मऊ काहीतरी द्या, कोमट करून. थोडं थोडं, दिवसातून चारदा. ताटली पाटावर ठेवा, मान वाकवायला नको. मासा उत्तम."

"श्रावण हा," जानकी म्हणाली.

गार्गीनं खोबऱ्याचे खांदे चाचपले, हाडं हाताला लागत होती. मग म्हणाली, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. करू आपण. पण या वयात पिंजऱ्यात ठेवलेले कधी कधी... घरी खाल्लं तर बरं, काकू."

रिक्षात नितेशचा तोल सुटला. "आई, तो कुत्रा आहे! त्याला श्रावण काय कळतो?"

"तुका तरी खय कळता? तूपण पाळतसच ना?"

"त्याला उपाशी मारणारेस तू."

खोबऱ्याचं डोकं जानकीच्या मांडीवर होतं आणि ते फार हलकं लागत होतं. घरी येईपर्यंत ती त्याच्या कानामागे तीच एक जागा खाजवत राहिली.

ताटलीत: काही नाही. म्हणून फोन.

नाना मुलुंडला राहतात. बिल्डिंगमधल्या सगळ्या पूजा तेच सांगतात.

– नाना, उद्यापन करायचं होतं. श्रावणाचं.
– अरे वा. तुमचं?
– नाय. खोबऱ्याचं.
– खोबऱ्याचं म्हणजे... नारळाचं?
– कुत्र्याचं ओ. आमचो खोबरो.
– (बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.) जानकीबाई, म्हातारे, आजारी, लहान मुलं, यांना सूट असते. त्याला खुशाल खाऊ घाला. दोष नाही.
– सूट नको. सूट म्हणजे मोडणंच झालं. इतकी वर्षं पाळलान, आता शेवटाक मोडूचो? पुरं करूया. पुरं झाल्यावर खाल्लान तर कोण काय बोलणार?
– पण संकल्प कोणी सोडला होता?
– मी. तो मांडीवर होता. पाणी त्याच्यावर पडलेलं.
– गोत्र?
– तुम्हीच सांगा.
– माहीत नसलं की काश्यप. सोमवारी येतो.
– नाना, तो सोमवारपर्यंत राहायला हवा ना.

पुन्हा पंखा.

– संध्याकाळी येतो, नाना म्हणाले. वाराचं मी बघतो वर देवाकडं.

पाटावर: यजमान.

खोबऱ्याला पाटावर बसवलं, म्हणजे ठेवलं. मागचे पाय घसरू नयेत म्हणून अक्षतानं पाटाखाली तिची योगाची चटई घातली. कपाळाला गंध. गंध लावून घेताना तो जानकीचा अंगठा चाटायचा, आज चाटला नाही. नानांनी संकल्प म्हटला, "काश्यप गोत्रोत्पन्नस्य" म्हणताना जरा थांबले, खोकले, आणि नाव घेतलं. चंद्रप्रकाश भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"हसताय काय?" जानकी.

"छे गं. उदबत्ती गेली डोळ्यात."

उद्यापनाला जोडपं जेवायला लागतं. नितेश खाली जाऊन गेटवरची काळी कुत्री आणि तिचा लंगडा सोबती घेऊन आला. लिफ्टमध्ये शिरायला ती दोघं तयार नव्हती, म्हणून त्यानं एकेकाला उचलून आणलं. शर्टाची वाट लागली होती. वरणभात पत्रावळीवर वाढला. काळीनं आपला संपवून सोबत्याचाही संपवला. लंगडा तिच्याकडे बघत बसला.

"जोडपं खरं आहे," नाना म्हणाले.

नमस्काराला जानकी वाकली ती उठेचना. देवाला तिनं काय सांगितलं ते कोणाला ऐकू आलं नाही. हात जोडलेले होते आणि ओठ भराभर हलत होते, घासाघीस करावी तसे.

ताटलीत:

शकु कोळीण मार्केटात टोपली झाकायलाच लागली होती.

"काकू? श्रावणात? वाट चुकलात काय?"

"बोंबील दे. ओले. अगदी मऊ बघून."

"कोणासाठी?"

"आमच्याकडे एकाचं उद्यापन झालं."

शकुनं चार चांगले निवडले, काटा काढून साफ केले आणि वर एक जास्तीचा टाकला. "हा माझ्याकडून. ज्याचं झालं त्याला."

देवघर आत असल्यामुळे चूल गॅलरीत गेली. अक्षताची शेगडी, वायर खिडकीतून. मीठ नाही, मसाला नाही, नुसतं पाणी आणि बोंबील. वाफ सुटली तशी वरच्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. जानकीनं मासा भातात कालवला, बोटांनी एकेक घास चाचपला, राहिलेला काटा शोधला, पुन्हा चाचपला. श्रावणात मासळीला हात लावायची तिची ही पहिलीच वेळ. ताटली पाटावर ठेवली.

खोबऱ्या पडून होता.

नितेशनं मोबाइल खिशात टाकला. जानकीनं घास उचलून त्याच्या नाकाशी धरला. नाक कोरडं होतं. ते हललं. एकदा, मग थांबून दोनदा. डोळे उघडले नाहीत, पण जीभ बाहेर आली, तिच्या बोटांवरून फिरली आणि घास घेऊन आत गेली.

"खा रे, खा," ती म्हणाली.

दुसरा घास. तिसऱ्याला तो पुढच्या पायांवर उठला. मग त्यानं तिचा हात बाजूला सारला आणि तोंड सरळ ताटलीत घातलं. दात नसलेल्या तोंडाचा मचमच आवाज गॅलरीभर झाला.

चंद्रप्रकाश दारात उभा राहून ते बघत होता. बोंबलाचा वास त्यानं इतका खोल घेतला की शर्टाची बटणं ताणली.

"जानकी, माझं उद्यापन कधी करतेस गं?"

"तुमचो संकल्प मी सोडूक नव्हतो," ती मागं न बघता म्हणाली. "तुमचो तुम्ही निस्तरा."

ताटली रिकामी झाली. खोबऱ्या ती पाटावरून खाली ढकलून चाटत राहिला, ढकलत ढकलत गॅलरीच्या कोपऱ्यापर्यंत नेली. मग वर बघितलं. जानकीच्या हातातल्या टोपात अजून दोन बोंबील होते.

"आता नाय," ती म्हणाली. "डॉक्टरीण थोडं थोडं बोललीय. आता नीज, मगे देतंय."

खोबऱ्या तिथेच, टोपासमोर पडला. आधी मागचे पाय. विचार करायला या वेळी थांबला नाही.