पहिली टोपली

तांगी काकांनी मोठ्या बेटाच्या बोटीवरून उतरवून, मोटरसायकलला दोरीनं आवळून आणलेला खोका ओसरीवर आदळला आणि कपाळाचा घाम पुसला. "काय गं तुआइने, दगड मागवलेस की काय रारोटोंगाहून?"

"पुस्तकं आहेत काका. मी लिहिलेली."

"तू? कधी लिहिलीस? ही पोरगी तुझ्या मांडीवरून उतरलेली मी तर अजून पाहिली नाही."

खोटं नव्हतं ते. कुरा छातीशी लागून झोपली की उजवा हात तिच्या डोक्याखाली अडकायचा, आणि तुआइने डाव्या हातानं लिहायची. अक्षर असं यायचं की खेकडा वाळूवरून गेलाय. ओळ अर्धी व्हायची, कुरा कुरकुरायची, उरलेली ओळ दुसऱ्या दिवशी. चित्रं तिनं रविवारी काढली, सासूबाई चर्चमध्ये गायला गेल्या की.

गावच्या शाळेत ती धाकट्या वर्गाला शिकवायची. शाळेत निसर्गाची पुस्तकं नव्हती असं नाही. दूरदूरच्या देशांतून पेट्या यायच्या. त्यांत बर्फावरची पांढरी अस्वलं असायची, निळ्या-हिरव्या डब्यांत बाटल्या वेगळ्या टाकणारी शहाणी मुलं असायची, झाडाला मिठी मारणारी एक मुलगीही होती. छान होती पुस्तकं. पण एकदा मोएरोआ नावाच्या तिच्या विद्यार्थिनीनं मध्येच विचारलं होतं, "बाई, ही मुलं पृथ्वी वाचवतात ते ठीक, पण ती जेवतात कधी?"

सगळा वर्ग हसला, तुआइनेही हसली. घरी आल्यावर मात्र तिला हसू येईना. तिच्या वर्गातली मुलं समुद्र खाऊनच वाढत होती. समुद्राला हातच लावू नका असं सांगणारं पुस्तक त्यांच्या काय कामाचं? खावं किती, आणि थांबावं कुठे, हे सांगणारं पुस्तक पाहिजे. तिनं ते लिहायला घेतलं.

पुस्तक होतं पाउआचं. पाउआ म्हणजे खडकात रुतून बसणारी, निळ्या-जांभळ्या ओठांची जाड शिंप. लिंबू पिळून, नारळाच्या दुधात कालवून खाल्ली की पाहुणा दोन दिवस जास्त राहतो. पुस्तकात एक इवलासा पाउआ खडकावर येऊन बसतो. मग गावाची मताइआपो, म्हणजे मानाची प्रमुख, किनाऱ्यावरच्या खांबाला नारळाची झावळी बांधते. झावळी बांधली की राउई लागली. झावळी सुटेपर्यंत त्या पाण्यातल्या कशालाही कुणी हात लावायचा नाही. मुलं शाळेत जाता-येता बघतात. पाउआ वाढतो.

इथवर सगळं गोड होतं. पुढच्या पानावर राउई सुटण्याचा दिवस होता.

ते पान सासूबाईंनी खोका उघडल्या उघडल्या वाचलं. अकाइती उभ्या बांध्याची बाई, चर्चची पांढरी टोपी घरातही सरळ ठेवणारी. गावची मताइआपो तीच. झावळी बांधायचा आणि सोडायचा मान तिच्या घराचा, तिच्या आजीच्या आजीपासून. तिनं चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं.

"'त्या दिवशी आम्ही सगळं नेलं. आधी मोठे नेले. मग मधले नेले. मग अंगठ्याएवढेही नेले. रात्री सगळ्यांची पोटं दुखली. सकाळी खडकात नुसती भोकं होती.'" तिनं पुस्तक मिटलं. "हे कुणी सांगितलं तुला लिहायला?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे, आई? गेल्या वेळी राउई सुटली तेव्हा मीपण होते तिथे. मीपण खाल्ले."

"मग खाल्लेस ते पोटात ठेव. पोरांच्या पुस्तकात कशाला ओकतेस?"

"पोरंपण होती तिथे."

"हे बघ." सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की जास्त जपून राहावं लागे. "दरवर्षी एक गोरा साहेब येतो. हातात फाईल. म्हणतो, तुम्हाला समुद्र सांभाळता येत नाही, आमच्याकडे द्या, आम्ही कुंपण घालतो. दरवर्षी मी त्याला नारळपाणी पाजून परत पाठवते. उद्या तो हे पुस्तक घेऊन येईल. म्हणेल, तुमच्याच सुनेनं लिहिलंय."

हे मात्र तुआइनेच्या मनात आलं नव्हतं. तिनं मिटलेलं पुस्तक परत उघडलं. मग म्हणाली, "पुस्तक आपल्या भाषेत आहे, आई. साहेबाला वाचता येणार नाही. मुलांना येईल. आणि शनिवारी राउई सुटतेय. मुलांनी हे पान त्याच्या आधी वाचलं पाहिजे. नंतर वाचून काय उपयोग?"

"रविवारी पलीकडच्या बेटाची मंडळी येणार आहेत. त्यांच्या पानात काय वाढू? तुझं पुस्तक?"

खरा अडसर तो होता. गेल्या वेळी हे गाव त्यांच्याकडे गेलं तेव्हा त्यांनी इतकं वाढलं होतं की आपल्या माणसांना घमेली भरून घरी न्यावी लागली. त्याहून कमी वाढणं म्हणजे नाक कापून घेणं.

शुक्रवारी शाळेत तुआइनेनं पुस्तकं वाटली. पोरांनी आधी वास घेतला, मग चित्रं पाहिली, मग एकमेकांच्या पुस्तकात तेच चित्र आहे ना याची खात्री केली. मोएरोआ नखानं काहीतरी खरवडत होती.

"बाई, माझी दोन पानं चिकटलीत."

"माझीपण!"

"माझीपण!"

तुआइनेनं पुस्तक हातात घेतलं. पानांच्या कडेला पांढरट, वाळलेली रेघ. तिनं बोट लावून बघितलं. साबुदाण्याची खळ. जिनं चर्चच्या टोप्यांना आयुष्यभर खळ दिली तिचा हात. एकाही पुस्तकावर थेंब सांडला नव्हता. काल तुआइने कुराला झोपवता झोपवता स्वतःच झोपली, तेवढ्यात सासूबाईंनी सगळा खोका उरकला होता.

तिला इतका राग आला की कानशिलं तापली. आणि रागाच्या तळाशी, नको असताना, थोडं कौतुकही. काम नीटच केलं होतं म्हातारीनं.

"का चिकटलंय, बाई?"

"कारण त्यावर खरं लिहिलंय," तुआइने म्हणाली. "नीट ऐका. मला पाठ आहे."

तिनं म्हटलं. आणि त्याच्या पुढच्या पानावरचंही म्हटलं, जे पुस्तकातलं शेवटचं होतं: "वीतभर झाला की तो तुझा. त्याआधी तो समुद्राचा."

मोएरोआनं आपली वीत पुस्तकावर ठेवून बघितली. मग मागून एक मुलगा म्हणाला, "आमच्या आजोबांनी बटणाएवढे आणले होते. मी मोजायचा खेळ खेळत होतो त्यांच्याशी." मग सगळे एकदम बोलू लागले.

संध्याकाळपर्यंत घराघरांत ठिणग्या पडल्या. जेवायला बसलेली पोरं बापांना विचारू लागली, उद्या तुम्ही वीत लावून बघणार का? तांगी काका तणतणत अकाइतीच्या ओसरीवर आले. "माझा नातू मला शिकवतोय! मला! तुझ्या सुनेला सांग, पुस्तक पोरांचं, समुद्र मोठ्यांचा."

त्यांच्यामागे आणखी चार-दोन जण होते. सासूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मग आत वळून हाक मारली.

"सूनबाई!"

तुआइने कुराला कडेवर घेऊन दारात आली.

"उद्याची पहिली टोपली तू भरायचीस. थोरली सून ऑकलंडला गेली, आता मान तुझा. सगळ्या गावासमोर भरायचीस, म्हणजे पुस्तक कुठे ठेवायचं आणि समुद्र कुठे, ते पोरांनाही कळेल."

तांगी काका खूश होऊन हसले. पहिली टोपली मताइआपोच्या घरच्या सुनेची. ती काठोकाठ भरून बाहेर येईस्तोवर दुसऱ्या कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. नेहमी हे काम चहा गार व्हायच्या आत संपायचं. तोवर बाकीचे गुडघ्यापर्यंत कपडे खोचून, शर्यतीला उभं राहिल्यासारखे काठावर थांबायचे.

"भरते," तुआइने म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. इतकं पटकन हो म्हणणारी ही सून नव्हती.

शनिवारी ओहोटी सकाळीच लागली. सगळं गाव किनाऱ्यावर होतं. प्रार्थना झाली, सासूबाईंनी खांबावरची वाळून तपकिरी झालेली झावळी सोडली, कुराला कडेवर घेतलं आणि झावळ्यांची विणलेली नवी टोपली सुनेच्या हातात दिली. "लवकर ये. दात येताहेत म्हणून ही किरकिर करतेय."

तुआइने पाण्यात शिरली. मांडीएवढं पाणी, काचेसारखं. पहिल्याच खडकावर पाउआ होते, निळे ओठ उघडून बसलेले. तिनं हात पसरला आणि वीत लावली. आत मावला. सोडून दिला. दुसरा. तोही आत मावला. पाच-सहा खडक पालथे घातल्यावर एक असा मिळाला ज्याच्या कडा तिच्या बोटांबाहेर गेल्या. तिनं कमरेची सुरी घालून तो सोडवला आणि टोपलीत टाकला.

किनाऱ्यावरून शीळ आली. "अगं तुआइने, तुझ्या पायाशीच आहेत! डोळे कुठे ठेवलेस?"

"लहान आहे तो!"

"लहान? त्याला काय शाळेत घालायचंय?"

हशा पिकला. ती पुढे गेली. वीत लावायची, सोडून द्यायची. वीत लावायची, सोडून द्यायची. टोपलीचा तळही झाकला नव्हता आणि सूर्य नारळांच्या वर आला होता. हशा कमी कमी होत गेला. कुणीतरी ओरडलं, "आमचं काय?" कुणीतरी पुढे पाऊल टाकलं आणि शेजारच्यानं त्याचा दंड धरून मागे ओढलं. पहिली टोपली भरली नव्हती. मताइआपोच्या देखत ही रीत कोण मोडणार?

"अकाइती," तांगी काका म्हणाले, "ही मुद्दाम करतेय."

"डोळे आहेत मला," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनाही कळलं होतं. सुनेला परत बोलवावं तर टोपली अपुरी. दुसऱ्यांना आत सोडावं तर घराचा मान आपल्याच हातानं मोडायचा. जो फास त्यांनी सुनेसाठी केला होता, त्याचं दुसरं टोक त्यांच्याच हातात होतं.

मग कुरा रडायला लागली.

आधी किरकिर, मग भोकाड. पाण्यावरून आवाज सरळ येतो. तुआइनेच्या छातीत कळ उठली आणि दूध आपोआप वाहू लागलं. ओला झालेला झगा आणखी ओला झाला. तिचे पाय किनाऱ्याकडे वळले. तिनं ते परत फिरवले.

"आई आहेस की कोण!" एका बाईचा आवाज आला. "पोर रडतंय तिकडे!"

"तिच्यासाठीच शोधतेय!" तुआइने ओरडली. "ती मोठी होईल तेव्हा तिनं कुठून आणायचे? माझ्या चित्रांतून?"

तिनं डोळे खांद्यानं पुसले आणि पुढच्या खडकावर हात पसरला. भोक. शेजारी भोक. त्याच्या शेजारी एक बटणाएवढा. मांड्यांपाशी पाणी ओढ घेऊ लागलं. भरती लागली होती. आता तासाभरात खडकांवर उभं राहता येणार नव्हतं, आणि टोपली अर्ध्याच्या खालीच होती. ती थांबली नाही.

मागे पाणी खळबळलं म्हणून तिनं वळून पाहिलं. सासूबाई. पांढरी टोपी, रविवारचा फुलाफुलांचा झगा कमरेपर्यंत भिजलेला, कुरा खांद्यावर. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बाई कित्येक वर्षांत खडकांवर उतरली नव्हती.

"घे," त्या म्हणाल्या. "माझं आतडं पिळवटतंय तिच्या रडण्यानं. तुझं दगडाचं असेल."

तुआइनेनं टोपली एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं लेकीला छातीशी घेतलं. कुरा हुंदके देत देत पिऊ लागली. लाटा दोघींच्या कमरेशी आपटत होत्या.

सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. खाली बघत होत्या. एका खडकापासून दुसऱ्यापर्यंत, मग तिसऱ्यापर्यंत, हळू, तोल सांभाळत. एके ठिकाणी वाकून त्यांनी रिकाम्या भोकात दोन बोटं घातली आणि तशाच उभ्या राहिल्या. तुआइनेनं म्हणण्यासारखं होतं ते चिकटलेल्या पानांत होतं.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी टोपली तिच्या हातातून घेतली, किनाऱ्याकडे वळल्या आणि ती डोक्यावर उंच धरून तिरकी केली, म्हणजे आतलं सगळ्यांना दिसावं.

"माझ्या घरची टोपली भरली नाही!" चर्चमध्ये छप्पर हलवणारा आवाज होता तो. "टोपली भरली नाही म्हणजे राउई सुटली नाही! कुणाला वाटत असेल त्याची भरेल, तर त्यानं माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात यावं!"

कुणी आलं नाही. तांगी काकांनी खोचलेला कपडा सोडला आणि झटकला. "आणि उद्याचे पाहुणे?"

"पाहुण्यांना माझं डुक्कर कापते! घमेली आणू नका म्हणावं!"

पोरांनी एकच कल्ला केला. दोघी परत निघाल्या. पाण्याचा जोर वाढला होता. सासूबाईंनी सुनेचा दंड धरला होता, आधारासाठी की आवळण्यासाठी, ते पकडीवरून कळत नव्हतं.

"गावासमोर माझी शोभा केलीस," त्या दातांतून म्हणाल्या.

"टोपली तुम्हीच दिलीत, आई."

"ते पान मी जिवंत आहे तोवर उघडायचं नाही."

"मी दुसरं पुस्तक लिहीन."

"लिही ना. घरात खळ पुष्कळ आहे."

"मग मी वर्गात पाठ करून घेईन. तोंडं कशी चिकटवाल?"

काठाशी आल्यावर सासूबाईंनी झावळी तोडायला एका पोराला नारळावर चढवलं, हिरवी पाहिजे म्हणून दोनदा परत पाठवलं, आणि ती खांबाला बांधायला घेतली. गाठ मारताना दोरी त्यांच्या ओल्या बोटांतून निसटत होती. तुआइने कुराला पाजत शेजारी उभी राहिली आणि मोकळ्या हातानं तिनं दोरीचं एक टोक धरून ठेवलं.

"घट्ट धर," सासूबाई म्हणाल्या. "लिहिताना लेखणी जशी हट्टानं धरतेस, तशी."