बरी आहे

मी ‘बरी आहे’ म्हटलं की आमची खोली लहान होते.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी आईशी व्हिडिओवर बोलत होते. ती चीनमध्ये वेन्झोऊला, मी टोरांटोत, दुसऱ्या गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात. ‘जेवलीस का?’ तिनं विचारलं. ‘जेवले. बरी आहे मी.’ पलंगामागची भिंत सरकत आली आणि कपाटाला टेकली.

आईच्या मांडीवर माझी मुलगी रुईशिन होती. अंगावरचं दूध तोडल्यावर आम्ही तिला तिकडे पाठवलं, कारण इथे आम्ही दोघंही दिवसभर दुकानात नूडल्स लाटतो. ती माझ्याकडे बघत आजीला म्हणाली, ‘ही मावशी अजून बोलणार आहे का?’

संध्याकाळी नवऱ्यानं कपाट बाहेर काढलं. ‘इथली घरं लहानच असतात,’ तो म्हणाला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी दुभाष्याकरवी विचारलं, ‘उदास वाटतं का?’ आमच्याकडे हा प्रश्न वेड लागलेल्यांना विचारतात, आणि बाळंतपणासाठी तिकडून आलेल्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. ‘बरी आहे,’ मी म्हणाले. घरी आलो तर स्वयंपाकाचा ओटा नव्हता.

सासूबाईंनी आपली गादी जिन्यात टाकली. ‘रडू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘पोटातल्या पोराचे डोळे बिघडतात.’ या मुलाचंही ठरलं होतं. थंडी ओसरली की त्या त्याला घेऊन परत जाणार होत्या.

नववा महिना लागला तेव्हा पलंगापुरतीच जागा उरली होती. नवरा दुकानातच झोपू लागला.

मग छ्यूबाई आल्या. गरोदर बायकांसाठीच्या केंद्रानं त्यांना पाठवलं होतं, आणि त्या आमच्याच बोलीत बोलत. आत मावेनात म्हणून उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसल्या. सुकी लाल बोरं आणि आलं घातलेलं सूप त्यांनी आत सरकवलं. खोलीबद्दल काही विचारलं नाही.

‘छातीवर काही बसल्यासारखं वाटतं का?’

‘वाटतं.’

भिंती जागच्या जागी राहिल्या.

‘झोप?’

‘लागत नाही. हे मूलही मला मावशी म्हणेल. त्यापेक्षा ते जन्मूच नये असं वाटतं. मीही नसावं असं वाटतं.’

छ्यूबाईंनी सूप आणखी आत सरकवलं. मग म्हणाल्या, ‘माझा मुलगा तिकडेच वाढला. त्याच्या लग्नात मला पाहुण्यांच्या टेबलावर बसवलं होतं.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘परत आले. काही दिवसांनी तुझ्यासारख्यांकडे जायला लागले.’

त्यांनी हात आत घातला, माझं मनगट धरलं आणि ओढलं. मीही जोर लावला. खांदे बाहेर आले, पण दार माझ्या पोटाहून अरुंद होतं. मी परत आत सरकले. मनगट त्यांनी सोडलं नाही.

‘ताई,’ त्यांनी जिन्याकडे वळून सासूबाईंना हाक मारली. ‘हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं. एकटीला ठेवू नका.’

सासूबाई गादीवर बसून आलं सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

‘कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘बरी आहे ती.’

छत माझ्या कपाळाला टेकलं. ते ऊबदार होतं आणि थोडं ओलसर. छ्यूबाईंची बोटं अजून माझ्या मनगटावर होती, पण दार मिटत आलं होतं. चारही भिंती माझ्या अंगाला येऊन भिडल्या, क्षणभर सैलावल्या, आणि मग त्या भिंतींनाच पहिली कळ आली.