तिजोरीवरचा गोरा साहेब

मित्रांनो, मी एक जुना ब्राँझचा अर्धपुतळा आहे. वजन अकरा किलो. चेहरा मात्र माझा नाही, तो एका इंग्रज पुढाऱ्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकात हा माणूस उसाच्या मळ्यांच्या एका बेटावर कारकून म्हणून आला. त्याने मळेवाल्याच्या मुलीशी लग्न केले आणि पुढे कायदेमंडळात एकोणीस वर्षे काढली. त्याने बंदर बांधले, दवाखाना काढला. त्याने एक कायदाही केला. करारावर आणलेल्या मजुराने मालकाच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर जायचे नाही. ते मजूर हिंदुस्थानातले होते, काही तर कोकणातले. तो वारल्यावर मळेवाल्यांनी वर्गणी काढून मला ओतवले आणि खालच्या पाटीवर कोरले, 'मजुरांचा पालक'.

बेट स्वतंत्र झाले आणि मी कायदेमंडळाच्या सभागृहातून गोदामात गेलो. पुढे भंगाराच्या बोटीतून १९९२ साली शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आलो. भंगारवाल्या नूरुद्दीनने मला एका वर्कशॉपचे मॅनेजर शैलेंद्र यांना भेट दिले. ते पुण्याचे. त्यांनी मला ऑफिसातल्या, वरून झाकण उघडणाऱ्या तिजोरीवर ठेवले. आत सगळ्या कामगारांचे पासपोर्ट असत.

१९९७ च्या ऑक्टोबरात वेल्डर दौलत ऑफिसात आला. तो रत्नागिरीकडचा, कमी बोलणारा.

"साहेब, आयशीला बरं नाय. भावाचा फोन आलेला. पासपोर्ट पायजे."

"अरे, बॉस लंडनला आहे. त्याची साइन झाल्याशिवाय रिलीज होत नाही. शनिवारी बघू, इन्शाल्ला."

"शनिवार लांब आहे, साहेब."

शैलेंद्र वाईट नव्हते, पण चावी हातात असूनही त्यांना बॉसची भीती होती. ती लपवायला त्यांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली. "ह्या गोऱ्याकडे बघ. पाच वर्षं बसलाय, एकदा तरी रजा मागितली?"

दौलत कसनुसा हसला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कोकणातल्या पोरांनी बर दुबईच्या बाजारातून झेंडू आणला होता. ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागले. मग दौलत एकटा ऑफिसात आला. त्याने माझ्या कपाळाला कुंकू लावले, पुढ्यात फूल ठेवले आणि हात जोडले.

"मोठे साहेब दिसताय तुम्ही. एवढा पासपोर्ट सोडवा."

मी कुणाचा चेहरा आहे, हे मला सांगता आले नाही. ब्राँझचे ओठ हलत नाहीत.

शनिवारी सही आली नाही. ती बुधवारी फॅक्सने आली. शैलेंद्रांनी मला दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवले, तिजोरी उघडली आणि पासपोर्ट दिला. आदल्या दिवशी दौलतची आई, कृष्णाबाई, गेली होती. तो अस्थिविसर्जनाला पोहोचला.

महिन्याने तो परतला. डोक्यावर केस नुकते फुटत होते. त्याने पासपोर्ट स्वतःच टेबलावर ठेवला. शैलेंद्रांनी मान वर न करता तो आत टाकला आणि मला पुन्हा वर बसवले. पुढच्या खंडेनवमीला दौलतने मला फूल वाहिले, पण काही मागितले नाही.

२००२ साली वर्कशॉप दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात गेले. तिजोरीही गेली. मी इथेच राहिलो, पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीकडे तोंड करून.

मित्रांनो, असा जुना पुतळा कुठे दिसला तर त्याची धूळ जरूर पुसा, पण फूल वाहायची घाई करू नका. आधी पाटी वाचा. ती लिहायला वर्गणी कुणी दिली ते विचारा. आणि पुतळ्याखाली तिजोरी असेल, तर त्याला खाली उतरवून ती आधी उघडा. शनिवारची वाट पाहू नका.