शेवटच्या रांगेतला हात

सात रस्त्याला फलक लागला, तेव्हाच जगदेवीने नाक मुरडलं होतं. शिबिर मुलांचं, पण फलकावर एकही मूल नव्हतं. होते ते शिबिर घेणारे दिग्विजय सर, गालाखाली मूठ टेकवून कुठंतरी लांब बघणारे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘उन्हाळी बालनाट्य शिबिर. आपल्या मुलांना द्या आत्मविश्वासाचे पंख!’

“ह्याची दाढ दुखते काय की,” रिक्षातून जाताना जगदेवी म्हणाली. “हात लावून बसलाय.”

शेजारी बसलेली नात हसली नाही. “अज्जी,” सिद्धेश्वरी म्हणाली, “मला जायचंय तिथं.”

दहावीत जाणारी पोर. घरात कानडी, दुकानात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हीकडं गप्प. वर्गात उभं करून वाचायला सांगितलं, तर तिचा आवाज पहिल्या बाकापुढं जात नसे, आणि मागची पोरं ‘आवाज, आवाज’ म्हणून बाकं वाजवत. तिला एकदा स्टेजवर उभं राहून बोलायचं होतं. शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू जायला हवं होतं. बाकी पंखबिंख काही नको होतं. हे तिने फक्त अज्जीला सांगितलं. तिचा बाप घरच्या चादरींच्या दुकानात बसणारा. त्याला वाटलं सर्टिफिकेट मिळेल, व्यक्तिमत्त्वाचा विकास होईल.

“व्यक्तिमत्त्व म्हणजे कडक भाकरी आहे काय,” जगदेवी म्हणाली, “थापली, वाळवली, डब्यात भरली?”

पण पहिल्या दिवशी नातीला घेऊन गेली तीच.

शिबिर होतं ते भवानी पेठेतलं नाट्यमंडळाचं थिएटर तिच्या तरुणपणी सुताचं गोदाम होतं. गिरणीतल्या माणसांनी ते झाडून घेतलं, पुढं फळ्या ठोकून स्टेज केलं आणि नाटकं बसवली. बायकांची कामं करायला बायका मिळत नव्हत्या, तेव्हा चांगल्या व्यापाऱ्याच्या घरातली जगदेवी उभी राहिली. पेठेतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं, आणि त्याच तिकीट काढून तिला बघायला मात्र आल्या होत्या. आता त्याच गोदामाला पीओपीचं छत होतं, त्यात निळे दिवे होते. दारावर देणगीदाराचं नाव थिएटरच्या नावाहून मोठं होतं. पुढची लाकडी बाकं जाऊन तिथं पाहुण्यांसाठी लाल सोफे आले होते. नाटक बघायला सोफा लागतो, हे ज्याच्या डोक्यात आलं त्याने आयुष्यात चांगलं नाटक बघितलं नसणार, अशी जगदेवीची खात्री होती.

दिग्विजयने मुलांना गोल बसवलं. “आता तुम्ही सगळे आइस्क्रीम आहात,” तो डोळे मिटून म्हणाला. “हळूहळू वितळा.”

सगळी पोरं फरशीवर वितळली. सोलापूरच्या मे महिन्यात वितळायला शिकवणी लावावी लागते, हे जगदेवीला नवीन होतं.

मग ती झाडं झाली. “झाडाला आतून काय वाटतंय?” दिग्विजयने एकेकाच्या कानाशी जाऊन विचारलं.

“सर, झाडाला बाथरूमला जायचंय,” पायल नावाची एक चिमुरडी म्हणाली. सकाळपासूनचा तो एकच खरा संवाद होता.

घरी आल्यावर जगदेवीने नातीला गच्चीवर नेलं. एका टोकाला सिद्धेश्वरीला उभं केलं, आणि दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, स्वतः प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली.

“आमचे सोमलिंग मास्तर दिवसभर गिरणीत माग चालवायचे अन् संध्याकाळी तालीम घ्यायचे,” ती म्हणाली. “मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान निम्मे गेलेले. ते शेवटच्या रांगेत बसायचे. वाक्य पोचलं नाही, की हात वर. ओरडणं नाही, समजावणं नाही. हात वर असेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचं नाही, तेच परत म्हणायचं.”

“किती वेळा?”

“हात खाली येईपर्यंत. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना त्याचं काही नव्हतं. म्हणायचे, पाणी दिसलालंय, ऐकू कुठं येतंय?”

तेव्हापासून रोज ऊन उतरलं की गच्चीवर तालीम. एकीकडं नात, दुसरीकडं हात. खालच्या रस्त्यावर टमटम जायच्या, शेजारच्या कारखान्यातले माग धडधडत असायचे, आणि जगदेवीचा हात वरच. “घशातून कशाला बोललालीस? पोटातून बोल. जेवत नाहीस काय?” कधी तरी हात खाली यायचा. असं झालं की सिद्धेश्वरी त्या रात्री एक भाकरी जास्त खायची.

नाटकात तिला वसुंधरेचं काम मिळालं. पृथ्वी तहानलेली आहे, लेकरांनी झाडं लावावीत, असं काहीतरी. “चौदा वर्षांची पोर, अन् जगाची आई,” जगदेवी म्हणाली. पण मुख्य काम होतं, म्हणून पुढं बोलली नाही.

आणि एका दुपारी सिद्धेश्वरी घरी आली ती थेट आतल्या खोलीत. जगदेवीने मागं जाऊन विचारलं, तेव्हा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “संवाद रेकॉर्ड झालेत, अज्जी. आम्ही फक्त ओठ हलवायचे.”

“म्हणजे तुझाच आवाज लागणार ना?”

“माझा न्हाय. संस्कृतीचा. सरांची भाची आहे, पुण्याला असते.”

दुसऱ्या दिवशी जगदेवी थिएटरवर जाऊन उभी राहिली.

“या आजी, या,” दिग्विजय वाकून म्हणाला. “तुम्ही ज्येष्ठ रंगकर्मी. प्रयोगाला तुमचा सत्कार ठेवलाय.”

“सत्कार राहू दे. पोरीचं तोंड का शिवलंस?”

“शिवलं कुठं? मेन रोल तिलाच आहे. उंच आहे, चेहरा बोलका आहे.”

“चेहरा बोलका अन् पोरगी मुकी.”

“आधी रेकॉर्ड केलं की कुणी विसरत नाही, अडखळत नाही. पालकांना व्हिडिओ स्वच्छ मिळतो. हल्ली सगळीकडे असंच करतात.” त्याने आवाज खाली आणला. “आणि राग मानू नका, तिच्या बोलण्याला जरा कानडी हेल आहे. वसुंधरेला तो शोभत नाही.”

“का? वसुंधरा पुण्याची आहे?”

दिग्विजय मोठ्या मनाने हसला. “तुमच्या काळी वेगळं होतं, आजी.”

“हो. आमच्या काळी नट बोलायचे.”

घरी येऊन तिने नातीला सांगितलं, “नाव काढून घे. त्या कठपुतळ्यांत उभी राहू नको.”

“न्हाय अज्जी. मी उभी राहणार.”

“उभं राहायला काय लागतंय? सात रस्त्याचा फलक पण उभाच आहे.”

सिद्धेश्वरी ऊन उतरल्यावर एकटीच गच्चीवर गेली. जगदेवी गेली नाही. मुक्या कामाची कसली तालीम, म्हणून ती पडवळ चिरत बसली.

प्रयोगाच्या दिवशी सगळे सोफे भरले होते. नाटकाआधी भाषणं झाली, आणि भाषणं करणाऱ्यांचे सत्कार झाले. मग जगदेवीला स्टेजवर बोलावून दिग्विजयने तिच्या अंगावर शाल घातली. सोलापुरात, चादरवाल्यांच्या घरातल्या बाईला, सुरतेच्या नायलॉनची शाल. खाली उतरल्यावर एकाने अदबीने सोफा दाखवला.

“नको बाबा,” ती म्हणाली, “त्यावर झोप येते,” आणि चालत मागं गेली. शेवटच्या रांगेत, खडखडणाऱ्या पंख्याखाली, खुर्ची अडवून बसली. शाल शेजारच्या खुर्चीवर टाकली.

पडदा उघडला. स्पीकरमधून आवाज येऊ लागले आणि त्यांच्यामागून, जरा उशिरा, पोरांचे ओठ हलू लागले. वडाचं झाड झालेल्या पृथ्वीराजच्या तोंडातून तर खुद्द दिग्विजयचाच आवाज निघत होता. तरी पुढच्या रांगेतली पोराची आई मोबाईल उंच धरून शेजारणीला सांगत होती, “बघा ना, किती स्पष्ट बोलतोय.” जगदेवीने ठरवलं, नातीचं तोंड हललेलं बघायचं आणि उठून घरी जायचं.

सिद्धेश्वरी आली. हिरवी साडी, केसांत कागदाची पानं. मध्यभागी येऊन उभी राहिली. स्पीकरमधून पुण्याचा गोड आवाज आला, “लेकरांनो, मी तहानलेली आहे. माझ्याकडे बघा.”

सिद्धेश्वरीचं तोंड बंद होतं. ओठ आवळलेले, दात दाबलेले. आवाज मालक हरवलेल्या शेळीसारखा सभागृहात फिरला आणि थांबला. पुढचं वाक्य आलं. तिचं तोंड तसंच. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, “मशीन बिघडलं काय की.”

विंगेतल्या दिग्विजयला वाटलं, पोरगी गडबडली, तिची जागा चुकली. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं आणि पहिल्यापासून लावायला घेतलं. दोन बोटांनी तोंड उघडमीट करून तो तिला खुणावू लागला.

तेवढ्या शांततेत ती बोलली.

“लेकरांनो, मी तहानलेली आहे.”

बारीक आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत कसाबसा आला. कानडी हेल मात्र जिथल्या तिथं होता.

शेवटच्या रांगेत एक हात वर गेला.

सिद्धेश्वरीने तो बघितला. तिने श्वास घेतला आणि तेच वाक्य परत म्हटलं. हात वरच. माणसं मागं वळून बघू लागली. दिग्विजयला वाटलं, म्हातारीला काही होतंय. त्याने रेकॉर्डिंग सोडून एका पोराला पाणी घेऊन मागं पिटाळलं.

“आजी, ऐकू येईना काय?” पुढच्या खुर्चीतल्या माणसाने विचारलं.

“येतंय की. पहिल्या वेळीच आलं.”

“मग हात?”

“पहिल्या वेळी वाक्य भीक मागत होतं,” जगदेवी म्हणाली. “दुसऱ्या वेळी भांडत होतं. तुमी पुढं बघा.”

स्टेजवर सिद्धेश्वरीने पोटावर तळवा ठेवला. तिसऱ्यांदा ते वाक्य आलं, तेव्हा त्याला घाई नव्हती. सोफे ओलांडून, उंच धरलेले मोबाईल ओलांडून, पंख्याच्या खडखडाटाखालून ते शेवटच्या भिंतीला येऊन टेकलं. ‘आवाज’ म्हणायला कुणाला जागाच उरली नाही.

जगदेवीने हात खाली घेतला.

मग सिद्धेश्वरी पुढचं वाक्य बोलली, त्याच्या पुढचंही. सोफ्यावरची माणसं मात्र अजून स्पीकरकडंच बघत होती. आवाज माणसाच्या तोंडातून येतो, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागणार होता.