सिनेटमागच्या खोलीतला सोफा

हसा मित्रांनो, खुशाल हसा. पण वॉशिंग्टनमधला मी एक जुना चामड्याचा सोफा, एक कायदा जन्मताना हजर होतो.

अक्रोडाच्या लाकडातून मला घडवलं आणि सिनेटच्या सभागृहामागच्या खोलीत आणून ठेवलं. "बसलं की झोपच येते बुवा," अशी माझी तारीफ व्हायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

एका वर्षी, कोळशाच्या खाणीत फुप्फुसं गमावलेल्यांना मोफत औषधं देणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. राष्ट्राध्यक्षांनी व्हेटो वापरला. सही न करता, आक्षेप लिहून ते परत पाठवलं. आता एकच वाट होती: दोन्हीकडे मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांनी पुन्हा 'हो' म्हणायचं. खालच्या सभागृहाने म्हटलंही. राहिलं सिनेट.

मतदान चालू असताना सिनेटर एमेट स्कॅग्ज माझ्यावर येऊन बसले. खाणींच्या डोंगराळ राज्याचे, राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे. विरोधात मत देईन, असा त्यांनी राष्ट्राध्यक्षांना शब्द दिला होता. आणि घरी सख्खा भाऊ खोकून खोकून अर्धा झाला होता. मला फार वाईट वाटलं.

विरोधी पक्षाच्या सिनेटर इंगा टॉर्व्हल्ड, त्यांची जुनी मैत्रीण, दारातून डोकावल्या.

"अरे एमेट, तू सोडून सगळ्यांची मतं झाली. सहासष्ट विरुद्ध तेहतीस. ये आणि 'हो' म्हण ना!"

"नाही जमणार गं. शब्द दिलाय."

"मग 'नाही' म्हणणार? शंभरात सहासष्ट अपुरे पडतात. मेलंच मग विधेयक!"

"कळतं गं बाई! म्हणून तर इथे बसलोय."

इंगा आत येऊन त्यांच्याजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "तर मग बस बाबा. उठू नकोस. नव्व्याण्णवात सहासष्ट पुरतात."

सभागृहातून एमेट यांचं नाव पुकारलं. दोनदा. त्यांनी माझा हात असा आवळला की चामडं टरकन फाटलं. पण ते उठले नाहीत. व्हेटो मोडला, विधेयकाचा कायदा झाला.

राष्ट्राध्यक्षांची माणसं त्यांना दगाबाज म्हणाली, खाणकामगार म्हणाले पळपुटा. पुढच्या निवडणुकीत ते पडले. मलाही फाटका म्हणून तळघरात टाकलं.

निवृत्त होताना इंगा मला शोधत आल्या. धूळ न झटकताच बसल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "भाऊ त्या औषधांवर अकरा वर्षं जगला. आणि मरेपर्यंत एमेटला पळपुटाच म्हणत राहिला."

मित्रांनो, माझं फाटकं चामडं शिवलं नाहीत तरी चालेल. पण गप्प बसलेल्या माणसाला नावं ठेवण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा, आणि विचारा त्याला, काय झालं म्हणून.